तळघरातलं हसू

नव्या दिग्दर्शिका मॅडमनी भर बैठकीत सांगून टाकलं की या मालिकेत हशा नको, आणि सगळ्यांनी वळून खसखसकडे पाहिलं. सबंध इमारतीत हशा भरण्याचं काम एकट्या त्याच्याकडे होतं. विनोदी मालिका चित्रित होऊन आली की मागे हसणाऱ्या माणसांचे आवाज तो टाकायचा, कुठे नुसती खुदखुद, तर कुठे खुर्च्या हादरतील असा गडगडाट. हास्याची खसखस पिकवणारा म्हणून त्याचं नाव खसखस पडलं होतं, आणि ते इतकं पक्कं बसलं होतं की ऑफिसातून घरी फोन आला तर बायकोसुद्धा "खसखस अंघोळीला गेलेत" असंच सांगायची.

मालिका एका ऑफिसातल्या माणसांची होती. मॅडमचं म्हणणं असं की ऑफिसातला विनोद हसण्याचा नसतोच, अवघडण्याचा असतो. साहेब काहीतरी फालतू बोलतो, कुणालाच हसू येत नाही, पंखा तेवढा फिरत राहतो, आणि ते बघून घरी बसलेल्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिथे मागून कुणी हसलं की सगळी मजा गेली.

"आणि दादा, राग मानू नका," त्या खसखसला म्हणाल्या, "पण तुमचं हसू शिळं झालंय हो. माझी आई स्वयंपाकघरातून ओळखते. म्हणते, आली बघ ती शिंकरी."

हे मात्र खरं होतं. खसखसच्या संगणकात जी हसणारी माणसं होती त्यांना त्यानेच नावं ठेवली होती. शिंकरी हसता हसता शिंकायची. उशिरे म्हणून एक गृहस्थ होते, ते सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचे. आणि जावई म्हणून एक हसू होतं, सासऱ्यांच्या विनोदाला जेवढं हसावं लागतं तेवढंच, मोजून मापून. हीच मंडळी इतकी वर्षं प्रत्येक मालिकेत हसत आली होती.

मॅडम तशा न्यायी होत्या. पहिला भाग हशासकट तयार करा, म्हणाल्या, सगळे मिळून बघू. ताजं हसू ऐकू आलं तर ठेवू, नाहीतर शांतता. शांतता ठरली तर या खात्याचं काय करायचं ते मोठे साहेब ठरवतील. मोठे साहेब काय ठरवतील हे खसखसला न सांगता कळलं.

घरी जेवताना त्याने बायकोला हे सांगितलं. तिने मनापासून विचारलं, "मग दुसरं काय येतं तुम्हाला?" खसखस हात धुवेपर्यंत विचार करत होता. काही सुचलं नाही, आणि मग मात्र त्याला खरी भीती वाटायला लागली.

ताजं हसू त्याच्याकडे नव्हतं असं नाही. एक होतं. पण ते वापरणं म्हणजे जळत्या घरात जाऊन झोपणं होतं.

झालं होतं असं. मालिकेसाठी एक खास खुर्ची बनवून घेतली होती. मालिकेतला साहेब रुबाबात तिच्यावर बसतो आणि खुर्ची फुस्स आवाज करत हळूहळू खाली जाते, साहेबाची नजर टेबलाच्या पातळीवर येईपर्यंत. एकदा दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेलेले असताना खसखस आपल्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला होता. खुर्चीच्या वर टांगलेला माइक चालूच राहिला होता. हेडफोनमध्ये पावलं ऐकू आली, मग दार लावल्याचा आवाज, मग फुस्स. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग कुणीतरी हसलं.

असं हसू खसखसने आयुष्यात ऐकलं नव्हतं. ते पोटाच्याही खालून कुठून तरी निघालं, छातीत घुमलं, तोंडापर्यंत येता येता त्याच्यात डोळ्यांतलं पाणी मिसळलं आणि शेवटी "आई गं" म्हणून दमून खाली बसलं. पुन्हा फुस्स झालं आणि पुन्हा तसंच. कुणी सुतार असेल म्हणून खसखसने काचेतून वाकून पाहिलं. गुडघे हनुवटीला लावून मोठे साहेब खुर्चीत बसले होते.

खसखस टेबलाखाली गेला तो जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाहेर आला नाही. मोठ्या साहेबांचं तोंड "बघू" म्हणण्यापुरतंच उघडतं अशी त्यांची ख्याती होती. त्यांना हसताना पाहिलेला माणूस त्या इमारतीत नव्हता, आणि पाहिलेला माणूस तिथे राहील असंही कुणाला वाटत नव्हतं. पण सवयीचा हात, रेकॉर्डिंग झालं होतं. पुसून टाकायला त्याचं मन होईना. त्याने त्या हसण्याला तळघर असं नाव दिलं आणि ते असं लपवलं की कुणाला कानोकान खबर लागू नये.

आता गळ्याशी आल्यावर त्याने डोकं चालवलं. साहेबांना हसताना कुणी ऐकलेलंच नाही, मग ओळखणार कोण? आणि ओळखू शकणारा जो एकच माणूस, खुद्द साहेब, तो अशा प्रयोगांना कधी येत नसे, मदतनिसाला पाठवायचा. झालं तर. खसखसने तळघर पहिल्या भागात एका ठिकाणी टाकलं. इतकं छान बसलं की आणखी दोन ठिकाणी टाकलं. तो भाग त्याने संकलकाच्या हवाली केला आणि निवांत झाला.

दाखवायच्या दिवशी संकलक जिन्यातच भेटला. "ऐकलंस का? मोठे साहेब स्वतः आलेत आज."

खसखस पायरीवरच थांबला. "का?"

"मॅडमनी बोलावलं. हशा राहणार की जाणार हे त्यांच्यासमोर ठरू दे म्हणाल्या."

"माणूस स्वतःचं हसू ओळखतो का रे?"

"मला काय माहीत. मी कशाला ऐकू माझं?" संकलक म्हणाला. "तुला घाम का आलाय?"

ती प्रत परत दे, एक चूक राहिलीय, असं खसखसने विनवून पाहिलं. पण प्रत केव्हाच यंत्रावर चढली होती, साहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि ते बसल्यावर दिवे घालवायला उशीर करण्याची हिंमत कुणाच्यात नव्हती. खसखस जीव मुठीत धरून आत गेला आणि साहेबांच्या बरोबर मागची खुर्ची त्याने पकडली. त्याच्या डोक्यात एकच मार्ग होता. तळघर वाजायच्या वेळी जोरात खोकायचं.

त्या दालनाचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. साहेब हसले तरच हसायचं. साहेब कधीच हसत नसल्यामुळे त्या इमारतीत आजवर प्रत्येक विनोदी मालिका शोकसभेसारखी बघितली गेली होती. आजही सगळे हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावर मालिकेतल्या साहेबाने एक भिकार विनोद सांगितला. त्याचे कारकून एकमेकांकडे बघायला लागले. मागे शिंकरी थोडी हसली, उशिरे हसले. दालनात हूं नाही की चूं नाही.

मग खुर्चीचा प्रसंग आला. फुस्स सुरू झाल्याबरोबर खसखसने खोकायला सुरुवात केली, जरा लवकरच. शेजारच्या संकलकाला वाटलं याच्या घशात काही अडकलं. त्याने पाठीत अशी थाप मारली की खसखसचा श्वासच बंद झाला. मागून मॅडम "शू" म्हणाल्या. सगळे दचकून गप्प झाले, पडद्यावरही सगळे गप्प होते, आणि त्या टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा शांततेत, बरोबर साहेबांच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून तळघर वाजलं. अगदी "आई गं" पर्यंत.

खसखसने डोळे मिटले. पण झालं भलतंच. अंधारात पहिल्या रांगेतून एवढं मोठं, आजवर न ऐकलेलं हसू आलं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला. साहेब हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसण्याची परवानगी मिळाली. हिशेबनीस आधी हसला, मग मदतनीस, मग सगळं दालन. माणसं टाळ्या देऊन हसली. दुसऱ्यांदा तळघर वाजलं तेव्हा तर वाट बघितल्यासारखी हसली. तिसऱ्यांदा संकलक खुर्चीवरून घसरला.

साहेब तेवढे ताठ बसून होते. मागून खसखसला त्यांची मान दिसत होती, आणि पहिल्या हसण्यानंतर त्यांचा हात तोंडाकडे गेलेला दिसला. तो तिथेच राहिला.

दिवे लागले. साहेब कुणाकडे न बघता उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुम्ही. आवाजवाले. वर या जरा."

खसखस जिना चढायला लागला. बायकोला काय सांगायचं याची तो मनात जुळवाजुळव करत होता. साहेबांच्या खोलीत शिरताच त्यांनी दार लावायला सांगितलं, बसायला सांगितलं आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले.

"तुम्ही माझ्या मागेच होतात," साहेब म्हणाले. आवाज अगदी लहान आला होता. "खरं सांगा. मी हसलो का?"

त्यांनी खिडकी ओढून लावून घेतली.

"सगळे वळून माझ्याकडे बघत होते. आवाजही माझ्याच जवळून आला. पण मला काही जाणवलं नाही. दुसऱ्या वेळी मी तोंड घट्ट धरून बसलो, हे असं. तरी हसलोच." ते खुर्चीत बसले. "माझ्या वडिलांचं शेवटी शेवटी असं झालं होतं. बोलायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. मी घरी अजून काही बोललो नाही. डॉक्टरकडे जावं म्हणतो. तुम्हाला आवाजातलं कळतं म्हणून आधी विचारलं."

तो माणूस टेबलावरचं पेन उगाच उघडझाप करत होता. खसखसला आयुष्यभर या माणसाची भीती वाटत आली होती, आणि आता तोच माणूस त्याच्याहून जास्त घाबरला होता. गप्प बसलं असतं तर नोकरी वाचली असती. साहेब डॉक्टरकडे गेले असते, हशावर कुणी चकार शब्द काढला नसता. खसखसने तेवढा विचार केलाही. पण पेनशी चाळा करणारे ते हात बघवेनात.

"साहेब, तुम्ही नाही हसलात," तो म्हणाला. "म्हणजे हसलात, पण आज नाही."

मग त्याने खुर्ची सांगितली, माइक सांगितला, टेबलाखालचं बसणंही सांगितलं. साहेब ऐकत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

"दार लावलं होतं मी," ते एवढंच म्हणाले.

"माइक आत होता, साहेब."

खोलीत मॅडमना हवी तशी शांतता पसरली. मग साहेब म्हणाले, "ऐकवा."

खसखसने फोनवर तळघर लावलं. साहेबांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. "शेवटी काय म्हणतो मी?"

"आई गं म्हणता, साहेब."

"असं?" ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सारून उठले. खसखसला वाटलं, आता निकाल. निकाल लागलाही. मॅडमचं बरोबर आहे, साहेब म्हणाले, मालिकेत हशा नको. हसू काढून टाका सगळं. खसखस फोन खिशात घालून उठला.

"पण तुम्ही राहा," साहेब म्हणाले. "आत्ता वर येताना जिन्यात हिशेबनीस माझ्याकडे बघून हसला आणि बाजूला झाला. रोज नुसता बाजूला होतो." त्यांनी खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. सोमवारच्या बैठकीला खसखसने कोपऱ्यात बसायचं, नोंदी घेतोय असं दाखवून. एक छोटा स्पीकर साहेबांच्या टेबलाच्या आतल्या बाजूला राहील. साहेबांनी चष्मा काढून ठेवला की तळघर वाजवायचं. "मला चारचौघांत जमत नाही हो," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी खसखसकडे पाहिलं नाही.

नोकरी राहिली, पण भीती दुपटीने वाढली. आधी विनोद पडद्यावरचा होता, तो चुकला तर पुन्हा करता यायचा. आता साहेबांचं हसू भर बैठकीत खसखसच्या बोटावर होतं. सोमवारी सकाळी तो न्याहारी सोडून ताटाच्या काठावर बोट दाबण्याचा सराव करत होता. बायकोने विचारलं, आता तर कायम झालात, आता काय? तो म्हणाला, "बोट चुकलं तर मेलो."

बैठकीत मॅडमसकट सगळे साहेबांकडे नव्या आशेने बघत होते. हिशेबनीस उठला आणि जाहिराती कशा कमी झाल्यात, दोन मालिका कशा बंद कराव्या लागतील, हे पडलेल्या चेहऱ्याने सांगायला लागला. बोलता बोलता त्याला उचंबळून आलं. नेमका तेव्हाच साहेबांनी चष्मा काढला.

खरं म्हणजे त्यांना काच पुसायची होती. पण खसखसचं बोट आधीच वळवळत होतं. टेबलातून तळघर घुमलं. क्षणभर सगळे दचकले, आणि मग नियमाप्रमाणे हसले. हिशेबनिसाने एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने टेबलावर थाप मारून तोही हसला. बंद पडणाऱ्या मालिकांचे निर्माते हसले. साहेब चष्म्याची काच अंगठ्याने धरून बघत राहिले, आधी हिशेबनिसाकडे, मग कोपऱ्यात पांढऱ्याफटक पडलेल्या खसखसकडे.

आणि त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. "हीक्." मग आणखी एक. गंजलेली कडी कुणी हलवावी तसा.

सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. मदतनीस उठून उभा राहिला. "साहेबांना काहीतरी होतंय," कुणीतरी कुजबुजलं. "पाणी द्या कुणीतरी." साहेबांना पुन्हा "हीक्" झालं, खांदे हलले, आणि सगळ्या चेहऱ्यांवरची भीती बघून ते ओशाळून थांबले. खसखसला एकट्यालाच कळलं की काय झालं होतं. इतकी वर्षं हसण्यातच गेली होती त्याची. त्याने बटण दाबलं. तळघर वाजलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बैठक पुन्हा हसायला लागली.

ती संपल्यावर सगळे गेले. साहेबांनी खसखसला थांबवलं. "ते मधलं माझं होतं."

"कळलं, साहेब."

"कसं होतं?"

मोठ्या साहेबांना त्यांच्या तोंडावर असं काही सांगायची वेळ खसखसवर कधी आली नव्हती. "फार दिवस बंद होतं ना, साहेब. वापरात आलं की मोकळं होईल."

साहेबांनी मान हलवली. दाराकडे एकदा बघितलं. "ती खुर्ची रोज लागते का हो तुम्हाला?"

"मंगळवारी चित्रीकरण नसतं."

"मग मंगळवारी वर पाठवा," साहेब म्हणाले. "आणि माइक बंद."

बाहेर मॅडम खसखसची वाट बघत उभ्या होत्या. त्यांचा कान तिखट होता. तेच हसू, तीच "आई गं", तीन वेळा पडद्यावर आणि दोनदा टेबलातून, हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. "दादा, साहेबांचं हसू तुम्ही वाजवता," त्या म्हणाल्या. खसखसने हात जोडले. मॅडमनी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. एवढी अवघडलेली बैठक मला लिहूनसुद्धा जमली नसती, म्हणाल्या.

मंगळवारी खुर्ची वर गेली. दुपारी खसखस काहीतरी निमित्त काढून साहेबांच्या खोलीबाहेर उभा राहिला, आणि मॅडम सह्या घ्यायला म्हणून तिथेच येऊन थांबल्या. हिशेबनीसही बाकावर ताटकळत होता. दार आतून लावलेलं होतं. आतून फुस्स असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग एक गंजकं हीक्, आणि त्याच्या मागोमाग, पोटाच्याही खालून कुठून तरी, ते आलं. "आई गं" सकट.

हिशेबनीस बाकावर बसल्या बसल्या नियमाप्रमाणे हसला. मॅडमनी मात्र खसखसचा दंड घट्ट पकडला. त्यांनी त्याच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही तर इथे आहात," त्या हळूच म्हणाल्या. "मग आत कोण हसतंय?"

"साहेब," खसखस म्हणाला.